खेळण्यांतील संगीत

कुत्र्याच्या भुंकण्यानें भूप वाजवितां येईल काय, असा प्रश्न कोणी विचारला तर घरांतील वडील मंडळी तो विनोद समजून सोडून देतील. परंतु १९९२ सालीं जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें 'मारिओ पेंट' नांवाचें जें खेळणें विक्रीस आणलें, त्यांत ही सोय अगदीं मनापासून करून ठेविलेली होती. दूरदर्शनच्या पडद्यावर पांच रेघांचा पाश्चात्त्य स्वरलेखनाचा पट मांडलेला. वर पंधरा लहान लहान चित्रांची ओळ. तींत एक कुत्रा, एक मांजर, एक डुक्कर, एका तान्ह्या मुलाचा चेहरा, एक तारा, एक फूल आणि पत्त्यांतल्यासारखा एक बदाम. ज्या चित्रावर माऊसनें टिचकी द्यावी तें हातांत येतें, आणि रेघेवर जेथें ठेवावें तेथें त्या उंचीचा स्वर होऊन बसतें. कुत्रा खालच्या रेघेवर ठेवला तर जाड्या आवाजांत भुंकतो. वरच्या रेघेवर ठेवला तर तोच कुत्रा पिलासारखा बारीक ओरडतो. सा, रे, ग, प आणि ध या जागीं पांच कुत्रे बसविले कीं भूपाचे पांचही स्वर हजर! मग मारिओ नांवाचा मिशाळ, टोपीवाला, बुटका माणूस पटावरून चालूं लागतो आणि वाटेंत येणाऱ्या प्रत्येक चित्रावर उडी मारीत जातो. ज्यावर त्याचा पाय पडेल तें वाजतें.

वस्तुतः 'मारिओ पेंट' हें चित्रें रंगविण्याचें साधन होतें. संगीत हा त्यांतला एक कोपरा. दूरदर्शन-संचाला जोडावयाच्या खेळयंत्रांत तें कार्ट्रिज बसवावयाचें आणि सोबत मिळणारा माऊस हातीं घ्यावयाचा, इतकीच तयारी लागे. पण ज्या मुलांनीं तें विकत घेतलें त्यांपैकीं कित्येकांना चित्रांपेक्षां या कोपऱ्याचीच ओढ अधिक लागली, आणि पुढें वाढत्या वयांतही ती सुटली नाहीं.

आश्चर्य असें कीं, ही ओढ लागावी असें त्या साधनांत फारसें कांहीं नाहीं. एका मात्रेवर तीनाहून अधिक स्वर ठेवितां येत नाहींत. चार मात्रांचा ठेका घेतला तर २४ आवर्तनें, तीन मात्रांचा घेतला तर ३२. हिशेब कोणताही करा, सारें गाणें ९६ मात्रांत आटोपावें लागतें. स्वर लांबवितां येत नाहीं. एक स्वर मोठ्यानें आणि दुसरा हळू अशी योजनाही नाहीं. कोमल आणि तीव्र स्वर तर मुळींच नाहींत. हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्या कोणीं उपटून टाकाव्या आणि पांढऱ्या तेवढ्या ठेवाव्या, तशी स्थिति. त्यांतही पुन्हा दोन सप्तकें पुरीं मिळत नाहींत.

हें दारिद्र्य यंत्राचें नव्हे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्या खेळयंत्रावर 'मारिओ पेंट' चालत असे त्याला एकाच वेळीं आठ आवाज काढतां येत होते, आणि ध्वनीसाठीं स्वतंत्र स्मृतिकोशही होता. म्हणजे तीनाची मर्यादा ही साधन तयार करणाऱ्यांनीं आपण होऊन घातलेली. ती योग्यच म्हटली पाहिजे. सात वर्षांच्या मुलासमोर आठ आवाज, बारा स्वर आणि हवी तितकी लांबी ठेवली तर तें गोंधळून उठून जाईल. तीन चित्रें, सात स्वर आणि एक चालणारा बुटका एवढेंच समोर असलें म्हणजे जें कांहीं मांडावें त्यांतून निदान कानाला न टोंचणारें असें कांहींतरी निघतें. आणि तें निघालें म्हणजे पुढची मात्रा मांडण्याची इच्छा होते.

मात्र मुलें मोठीं झालीं आणि त्यांनीं मर्यादेशीं झगडा मांडला. पहिली युक्ति गतीची. मात्रेचे अर्धे भाग करण्याची सोय नाहीं, तर मारिओला दुप्पट वेगानें धांवडवावा आणि दोन घरांना मिळून एक मात्रा मानावी. अर्धमात्रा साधते, पण ९६ मात्रांच्या ४८ होतात आणि गाणें निम्म्या वेळांत संपतें. बारकाई हवी कीं लांबी हवी, याचा निवाडा प्रत्येक रचनाकाराला आरंभींच करावा लागतो. दुसरी युक्ति आवाजांची. बदाम खालच्या अंगाचे जाड स्वर देतो, तारा घंटेसारखा किणकिणतो, फुलाचा आवाज तुतारीच्या जातीचा. तेव्हां तीन जागांपैकीं एक तालाला, एक जाड स्वराला आणि एकच चालीला, अशी वांटणी करावी लागते. क्वचित् एखाद्या मात्रेवर तालाचा ठोका वगळून ती जागा चालीच्या जोडस्वराला द्यावयाची, आणि ऐकणाऱ्याच्या कानानें तो वगळलेला ठोका मनांतच भरून घ्यावयाचा. चांगल्या रचनांत ही लपवाछपवी इतकी बेमालूम असते कीं एका वेळीं तीनच स्वर वाजत आहेत हें सांगूनही खरें वाटत नाहीं.

तिसरी युक्ति मराठी श्रोत्याला अधिक जवळची वाटेल, कारण ती म्हणजे आपल्या संगीतशास्त्रांतील मूर्च्छनाच होय. सातच शुद्ध स्वर दिलेले असले तरी षड्ज कोठें मानावयाचा हें कोणी ठरवून दिलेलें नाहीं. रिषभाला सा मानून गाणें रचलें तर गांधार व निषाद आपोआप कोमल होतात आणि काफीचा थाट उभा राहतो. गांधाराला सा मानला तर भैरवी, मध्यमाला मानला तर कल्याण, पंचमाला मानला तर खमाज आणि धैवताला मानला तर आसावरी. मूळचा बिलावल धरून पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांपैकीं सहा थाट काळी पट्टी नसलेल्या या खेळण्यांतून निघतात. राहिलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, मात्र कांहीं केल्या निघत नाहींत. पश्चिमेकडील हौशी मंडळींनीं ही मूर्च्छना आपल्या जुन्या चर्चसंगीतांतील पद्धतीवरून ओळखली. नांवें निराळीं, युक्ति तीच.

अर्थात् थाट निघाला म्हणजे राग निघाला असें नव्हे. मींड नाहीं, कण नाहीं, आंदोलन नाहीं. प्रत्येक स्वर खिळा ठोकल्याप्रमाणें आपल्या जागीं घट्ट. नेमक्या याच दोषासाठीं १९४० सालीं नभोवाणीनें हार्मोनियमला आपल्या दाराबाहेर काढलें होतें, आणि तें दार पुन्हा किलकिलें होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. मध्यंतरींच्या काळांत महाराष्ट्रांतील नाट्यसंगीत आणि भजनी मंडळें हार्मोनियमवांचून एक दिवसही राहिलीं नाहींत, ही गोष्ट निराळी. दोषी वाद्यावर प्रेम कसें जडतें हें मराठी घरांना निराळें सांगावयास नको.

'मारिओ पेंट'ची मर्यादा हौसेनें घातलेली होती. तिच्या आधीं तीन वर्षें निघालेल्या 'गेम बॉय'ची मर्यादा सक्तीची होती, आणि म्हणून ती अधिक मनोरंजक आहे. १९८९ सालीं निघालेलें हें हातांत धरून खेळण्याचें यंत्र चार लहान सेलांवर चालत असे. पडदा हिरवट, रंगहीन, आडव्या १६० आणि उभ्या १४४ ठिपक्यांचा. सेल दिवसांत संपूं नयेत आणि किंमत मुलांच्या खिशाला झेपावी, यासाठीं आंतील सर्व कारभार काटकसरीचा. ध्वनीच्या वांट्याला चार आवाज आले.

त्यांतले पहिले दोन सारखेच. त्यांचा तरंग वीणेच्या तारेप्रमाणें गोलाईनें वरखालीं होत नाहीं. विजेचें बटन चालू-बंद करावें तसा तो एकदम वर आणि एकदम खालीं जातो. फेरींतील किती भाग तो वर राहतो एवढेंच ठरवितां येतें: अष्टमांश, चतुर्थांश, अर्धा किंवा पाऊण. अर्धा ठेवला तर पोकळ, लांकडी नळींतून निघाल्यासारखा आवाज येतो. अष्टमांश ठेवला तर पिपाणीसारखा नकटा. पाऊण आणि चतुर्थांश यांत कानाला कांहींच भेद कळत नाहीं, कारण एक दुसऱ्याचा उलटा केलेला तरंग होय. म्हणजे नांवाला चार रंग, पण प्रत्यक्षांत तीन. तिसऱ्या आवाजाचा तरंग मात्र रचनाकाराला स्वतः काढतां येतो. पण तो ३२ पायऱ्यांत, आणि प्रत्येक पायरीची उंची सोळांपैकीं एक. विणकामाच्या चौकटींतील नक्षीप्रमाणें एकेक टांका भरावयाचा. बहुधा खर्जाचें काम याच्याकडे असतें. चौथा आवाज नुसती खरखर. पण ती क्षणांत तोडली तर नगाऱ्याचा ठोका होतो आणि लांबविली तर झांज.

स्वरांची उंची निवडण्यास यंत्रांत २०४८ आंकडे आहेत. ही संख्या मोठी वाटते; पण त्या आंकड्यांची वांटणी कानाच्या सोयीनें झालेली नाहीं. मधल्या सप्तकांतील षड्जाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारें २६२ कंपनांजवळ, एका आंकड्यानें पुढें गेल्यास अर्ध्या कंपनाचा फरक पडतो. तो कोणाच्याही कानाला जाणवणार नाहीं. तेथून दोन सप्तकें वर चढलें कीं तोच एक आंकडा आठ कंपनांची उडी मारतो, आणि आणखी वर तर हवा तो स्वर दोन आंकड्यांच्या फटींत सांपडून निसटून जातो. म्हणून गेम बॉयचे अतितार स्वर किंचित् बेसूर असतात. जाणते रचनाकार तिकडे फिरकत नाहींत. कांहीं मुद्दाम फिरकतात, कारण त्या बेसूरपणालाच एक खोडकर गोडी आहे.

दोन तरंगांत तीन स्वरांचा मेळ कसा बसवावा? चलच्चित्रांत जी युक्ति डोळ्यांवर केली जाते तीच येथें कानावर केली जाते. सा, ग, प हे तीन स्वर एकाच आवाजांतून एकामागून एक इतक्या त्वरेनें फिरवावयाचे कीं प्रत्येकाला सेकंदाचा सुमारें साठावा हिस्साच मिळावा. कान त्यांना निराळे धरूं शकत नाहीं, पण पुरते एकजीवही करीत नाहीं. ऐकूं येतो तो एक थरथरणारा, पाण्यावरच्या उन्हासारखा मेळ. जुन्या खेळांच्या संगीताचा जो चटकन् ओळखूं येणारा धाट आहे, तो बव्हंशीं या गरजेच्या युक्तींतून आलेला आहे.

गेम बॉयवर चाली रचण्याचा खरा उद्योग बाहेरच्या माणसांनीं उभा केला. १९९८ सालीं जर्मनींतील ऑलिव्हर व्हिटशोव्ह यांनीं 'नॅनोलूप' आणि २००० सालीं स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांनीं 'लिटल साउंड डीजे' हे प्रोग्रॅम लिहिले. दोघांनींही वाक्यासाठीं सोळा घरें घेतलीं. नॅनोलूपमध्यें तीं चार ओळींत चार-चार अशीं मांडलेलीं दिसतात; तबलजीला तो त्रितालाचा कागद वाटावा. सम, खाली यांचा त्यांना गंधही नव्हता हें खरें. लिटल साउंड डीजेमध्यें वाक्य मध्येंच तोडून पुढच्यावर उडी मारण्याची आज्ञा देतां येते, त्यामुळें सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपतालही अडत नाहीं.

या दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें लिहिण्याची रीत विलक्षण आहे. पेटीच्या पट्ट्या नाहींत, रेघा नाहींत. उभ्या रांगेंत अक्षरें आणि आंकडे, आणि तेही सोळाच्या हिशेबानें: नऊनंतर ए, बी, सी असें एफपर्यंत आणि मग दहा. रुपयाचे सोळा आणे बोटांवर मोजणाऱ्या पिढीला हें गणित आजच्या मुलांपेक्षां लवकर उमगलें असतें! एक बटन दाबून धरावयाचें आणि बाणांनीं स्वर वर-खालीं सरकवावयाचा. सोळा घरांचें एक वाक्य, वाक्यांची साखळी, साखळ्यांचें गाणें. स्मृतिकोश तुटपुंजा असल्यानें जें वाक्य पुन्हा येतें तें पुन्हा लिहावयाचें नाहीं, त्याचा क्रमांक तेवढा द्यावयाचा. पदांच्या पुस्तकांत प्रत्येक कडव्याखालीं 'ध्रु०' एवढेंच छापतात तसें. आणि मारिओला जी साधत नव्हती ती मींड येथें साधते: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आणि स्वर हालविण्याची आज्ञा या प्रोग्रॅममध्यें आहे.

मर्यादित यंत्रांतून मींड शोधण्याचें एक उदाहरण मुंबईंतच घडलेलें आहे. तें खेळयंत्राचें नसलें तरी येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. त्यांतील एक यंत्र, टीबी-३०३, हें खर्जाची साथ पुरविण्यासाठीं केलेलें. पण त्यांत स्वरांवरून घसरण्याची एक कळ होती, आणि रागाची चाल त्या कळीवर तोलली गेली. त्या वेळीं तबकडीकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हा निघाली तेव्हां युरोपांतील नृत्यसंगीताच्या जाणकारांनीं कान टवकारले.

खेळयंत्रांच्या संगीतालाही असाच उशिरां मान मिळाला. न्यूयॉर्कमध्यें २००६ पासून कांहीं वर्षें 'ब्लिप फेस्टिव्हल' नांवाचा महोत्सव भरत असे. रंगमंचावर वादक गेम बॉय हातांत धरून उभा आणि समोर तरुणांची दाटी, असें तेथील दृश्य. याहून बोलकें उदाहरण हिरोकाझु तानाका यांचें. फॅमिकॉम आणि गेम बॉय या यंत्रांच्या ध्वनिरचनेंत त्यांचा हात होता, आणि 'मारिओ पेंट'च्या संगीतकारांतही त्यांचें नांव आहे. कारखान्याच्या हिशेबी जगांत दोन तरंग आणि एक खरखर यांवर ज्यांनीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्यांनीं २०१७ सालीं 'चिप तानाका' या नांवानें त्याच जातीच्या संगीताचा 'जँगो' हा संग्रह प्रसिद्ध केला.

दरम्यान कोणा हौशी माणसानें मारिओचा तो पट संगणकावर नव्यानें उभा केला आणि जुन्या अटी सैल केल्या: कोमल-तीव्र स्वर आले, तीनाहून अधिक चित्रें एका मात्रेवर बसूं लागलीं, लांबीची अडचण गेली. हजारों रचना झाल्या. त्यांत मोठमोठीं वाद्यवृंदाचीं गीतें कुत्र्या-मांजरांकडून हुबेहूब वदविलेलीं आहेत, आणि ऐकतांना रचनाकाराच्या चिकाटीचें कौतुक वाटतें. परंतु चित्रांची अशी दाटी झाली कीं बुटक्याच्या उडीकडे पाहण्यांत अर्थ उरत नाहीं. ९६ मात्रांच्या जुन्या पटावर जी एखादी मांजर नेमक्या जागीं म्यांव करून हंसवून जाते, ती या गर्दींत सांपडत नाहीं.

या सर्व उद्योगाच्या मुळाशीं एक काळजी आहे, आणि ती केवळ भावनेची नाहीं. 'मारिओ पेंट'च्या कार्ट्रिजमध्यें एका वेळीं एकच काम जतन होत असे. नवें ठेवावयाचें तर जुनें पुसावें लागे. कांहीं घरांत तें व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलें जाई. आणि तें एक काम तरी कशाच्या आधारानें टिके? कार्ट्रिजच्या पोटांत अधेलीएवढा एक चपटा सेल असतो. खेळयंत्र बंद असतां स्मृतिकोशाला वीज पुरविण्याचें काम तो अहोरात्र करतो. गेम बॉयच्या ज्या कार्ट्रिजवर लिटल साउंड डीजे चालतो त्यांतील कित्येकांची व्यवस्था हीच. तो सेल वर्षानुवर्षें टिकतो. पण अमर नाहीं. ज्या दिवशीं त्याची वीज संपते त्या दिवशीं आवाज होत नाहीं, धूर येत नाहीं. पुढच्या वेळीं यंत्र सुरू केलें कीं पट कोरा असतो. माळ्यावरच्या पेटींत ठेवलेल्या किती कार्ट्रिजांतून दहा वर्षांच्या मुलाचें पहिलें गाणें असें निघून गेलें असेल, याची मोजदाद शक्य नाहीं.

कॅसेटवर किंवा संगणकावर ध्वनि उतरवून ठेवला म्हणजे भागलें, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें. मुद्रित ध्वनींत गाणें कसें ऐकूं आलें तें राहतें; पण कोणत्या घरांत कोणता स्वर होता, कोठें ठोका वगळला, मेळ कोणत्या क्रमानें फिरविला, ही मांडणी राहत नाहीं. गवयाची ध्वनिमुद्रिका हातीं असावी आणि बंदिशीची वही वाळवीनें खावी, त्यांतला हा प्रकार. वही वांचली तर दुसरा कोणी तीच बंदिश पुढें नेईल.

म्हणून ज्यांना हें कळतें ते वेळींच दोन गोष्टी करतात. एक म्हणजे कार्ट्रिजमधील मजकूर वाचून संगणकांत उतरवून घेणारें लहानसें उपकरण मिळवितात. तें नसेल तर सेल बदलतात. पण जुना सेल काढला कीं नवा बसेपर्यंत स्मृतिकोशाला वीज नाहीं, आणि तेवढ्यांत सारें पुसलें जाण्याचा धोका. त्यावर अनुभवी लोकांची रीत अशी: कार्ट्रिजचें वरचें कवच उतरवावयाचें, तें उघडेंच खेळयंत्रांत बसवावयाचें, यंत्र सुरू करावयाचें म्हणजे वीज तिकडून मिळत राहते, आणि मग यंत्र चालू असतांनाच तापलेल्या डाखणीचें टोंक पट्टीला लावून जुना सेल सोडवावयाचा व नवा डाखावयाचा. हात स्थिर लागतो. डाखाचा एक थेंब भलतीकडे पडला तर गाणें आणि यंत्र दोन्ही जातात. नवा सेल नीट बसला आहे ना हें पाहून मगच बटन बंद करावयाचें, आणि पुन्हा सुरू करून मारिओ चालूं लागतो कीं नाहीं तें बघावयाचें.